दारावरची कमळी

१९ जानेवारी, रविवार

आलं! पहिल्याच खेपेला आलं!

सकाळी आत्याच्या नवऱ्याने, मारुतीमामाने, घराचं दार बिजागऱ्यांतून उतरवून दिलं. अंगणात गोणपाट अंथरलं, त्यावर दार आडवं टाकलं, मी चित्र कोरलेली बाजू वर. रोलरने शाई फिरवली, वर मांजरपाट ताणला. इथवर ठीक. पण दाब कुठून आणायचा? कॉलेजात लोखंडी प्रेस होता, चाक फिरवलं की झालं. इथे पळीच्या पाठीने एवढं मोठं दार घासत बसले असते तर पावसाळा उजाडला असता.

आत्याच म्हणाली, तुडवू की! वीटभट्टीवर चिखल तुडवतो तसं. लगेच वाडीतल्या पाचसहा जणींना हाका मारल्या. कापडावर जुनं रेक्झिन टाकलं, सगळ्यांनी पाय धुतले आणि टाचेने टाचेने सरकत गेल्या, एक बोट जागा न सोडता. चिखलात खडा राहिला तर वीट फुटते, ती सवय पायांत आहे. हौसाकाकी तर कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून तुडवत होती.

कापड उचललं आणि कमळीआत्या उभी! पायापासून डोक्यापर्यंत, तिच्या खऱ्या उंचीची. काष्टा, त्यावर रेडियमचं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातात झेंडा. खांब गावाला हायवेच्या कामावर ट्रक थांबवायला उभी असते, तशीच. आई गेल्यापासून ह्याच बाईने मला वाढवलं. तिचा चेहरा मी डोळे मिटूनही कोरला असता.

आत्याने कापड वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "झेंडा उलट्या हातात हाय."

खरंच की! छापताना उजव्याचं डावं होतं, म्हणून कोरतानाच उलटं कोरायचं. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी शिकवतात. झेंड्याच्या हाताला विसरले. असू दे! आत्या डाव्या हाताने ट्रक थांबवेल.

२० जानेवारी, सोमवार

दार परत बसवायचं राहिलं. कुत्रं घरात शिरलं, सगळी सुकट फस्त. मी हमरापूरला कामावर निघेपर्यंत आत्याने दाराला, शाईला आणि मला मिळून शिव्या घातल्या.

२३ जानेवारी, गुरुवार. हमरापूर

आज जितेशशेठ गणपतीच्या कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला, तू आदिवासी ना, मग वारली मस्त काढत असशील. एक भिंत वारलीने रंगवून दे. मी म्हटलं, शेठ, आम्ही कातकरी. वारली तिकडे डहाणूकडे. तो म्हणाला, तेच ते.

तेच ते! उद्या मी त्याला म्हणते, शेठ, गणपती आणि मारुती तेच ते, दोघंही देवच. ब्रश उचलला. सोमवार ते शनिवार ह्याच्याकडे पीतांबर रंगवते म्हणून मांजरपाट विकत घेता येतो. पण एका गणपतीची किनार वाकडी गेली.

कॉलेजातही हेच. अंधाऱ्या खोलीत सर ठशावरून छापलेलं एकेक मुद्राचित्र पडद्यावर दाखवायचे, लाकडावरचं, लिनोवरचं, तांब्याच्या पत्र्यावरचं. विषय 'आदिवासी जीवन'. डोक्यावर घागर, काखेत पोर. ढोल, नाच, झोपडीवर चंद्र. खोटं का बोलू, काय हात होते त्या लोकांचे! एकेक रेघ बघून जीव जळायचा माझा. पण खाली नाव काय? 'आदिवासी स्त्री'. पुढचं, 'आदिवासी जोडपं'. पुढचं, 'वस्तीवरची संध्याकाळ'. चित्रकाराचं नाव आहे, साल आहे, किती प्रती काढल्या तेही आहे. बाईचं नाव नाही.

मी विचारलं होतं, सर, ही कोण? सर म्हणाले, ती प्रतिनिधी आहे. वर्ग पुढे गेला. मी मात्र तिथेच अडकले. प्रतिनिधी! निवडून कोणी दिलं होतं तिला?

म्हणून माझ्या कापडावर खाली पेन्सिलने ठळक लिहिलं आहे: 'कमळी मारुती हिलम, खांब'. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, नाहीतर पुढे जावं.

२ फेब्रुवारी, रविवार

हेमांगी मॅडम वाडीवर येऊन गेल्या. मूळच्या पेणच्या, घरची शेतीवाडी होती, आता मुंबईत स्वतःची गॅलरी आहे. माझ्या वर्गातल्या मनस्वीने त्यांना फोटो पाठवला होता. अंगणात यायच्या आधी चपला काढल्या, ते आवडलं. कोरा चहा तोंड वाकडं न करता प्यायल्या, तेही आवडलं. म्हणाल्या, डायव्हर्जनला एका बाईने दहा मिनिटं अडवून ठेवलं. मी म्हटलं, नशीब समजा, आज आत्याची सुट्टी आहे. तिने अर्धा तास ठेवलं असतं.

कापडासमोर उभ्या राहिल्या, मग अगदी जवळ गेल्या. मग हळूच म्हणाल्या, काय ताकद आहे गं! खरं सांगते, खूप आनंद झाला. इतका की स्वतःचाच राग आला.

मग सुरुवात झाली. पुढच्या चित्रात हेल्मेट नसलं तर? जाकीट फार वर येतं, काढता येईल? डोक्यावर घागर असेल तर आकार सुंदर होईल. मी म्हटलं, आत्या पाणी कॅनमधून आणते, तेलाच्या निळ्या कॅनमधून. कॅन काढू का? हसल्या. म्हणाल्या, बरं, राहू दे. नावाचं काय? 'उंबरठ्यावर: आदिवासी स्त्री' कसं वाटतं? मी नाव दाखवलं, खाली लिहिलेलं. म्हणाल्या, बघणाऱ्याला कळायला हवं ना ती कोण. मी म्हटलं, म्हणूनच नाव लिहिलंय. ह्यावरही त्या हसल्या आणि मान्य केलं. बाई वाईट नाहीत, आणि तीच पंचाईत आहे. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं.

पुढची प्रत काढताना बायका तुडवत होत्या, तर मॅडम व्हिडिओ काढायला लागल्या. म्हणाल्या, हे तर नृत्यच आहे! मी म्हटलं, मॅडम, हे काम आहे. तेवढ्यात हौसाकाकीने पदर सावरून दोन गिरक्या घेतल्या. माझी सगळी अब्रू गेली. मला हसू आवरेना.

ठरलं. पंधरा प्रती, मार्चअखेर मुंबईत प्रदर्शन. जाताना म्हणाल्या, शेवटी ठसा रद्द करायचा, तुला माहितीच आहे. मी म्हटलं, हो हो. गाडी गेली.

प्रदर्शन! माझं! मुंबईत!

९ फेब्रुवारी, रविवार

मारुतीमामाला काय बोलू? आठवडाभर मी हमरापूरला, आणि मामाने मायेने कोरलेल्या बाजूला जळकं ऑईल चोपडून ठेवलं. वाळवी लागू नये म्हणून! "एवढी मेहनत केलीस, किड्याने खायाची?" दार ओलंचिंब काळं. शाई धरेना, नुसती घसरायची. आत्याच्या तोंडावर डाग, झेंडा गायब.

मी रडायच्या बेतात. मामाचा चेहरा माझ्याहून पडलेला. मग राख फासली, चोळली, रॉकेलने पुसलं, पुन्हा राख. दुपार गेली त्यात. संध्याकाळी एक कापड काढून बघितलं तर करडा रंग आला, धुरकट, डायव्हर्जनची धूळ अंगावर बसावी तसा. आधीच्या प्रतींपेक्षा चांगला! मामाला हे सांगितलं नाही. सांगितलं तर दर आठवड्याला ऑईल लावेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

पंधरावी प्रत निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पाय धुतले, घरी गेल्या. सह्या केल्या, आकडे टाकले. आता राहिली फुली, ठसा रद्द करायची.

कॉलेजात किती वेळा मारली आहे! ठरलेल्या प्रती झाल्या की ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन खोल रेघा. मग त्यावरून पुन्हा छापता येत नाही आणि घेणाऱ्याला खात्री पटते. केळीच्या बागेवर मारली, पेणच्या एसटी स्टँडवर मारली. दर वेळी कोणीतरी चहा पाजायचं.

दार भिंतीला टेकवलं. पटाशी घेतली. कोपऱ्यातून निघालेली रेघ हेल्मेटवरून, मग भुवईवरून, नाकावरून, गळ्यावरून जाणार. हिशोबच तसा आहे, चित्र मधोमध आहे. पटाशी लाकडावर टेकवली. तेवढ्यात आत्या बाहेर आली, पाण्याचा तांब्या घेऊन.

"आता काय ऱ्हायलंय गो खोदायचं?"

काही नाही म्हटलं. पाणी प्यायले. मामाला म्हटलं, दार बसव.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आत्याला का नाही सांगितलं? भ्याले. मी, जी सरांना उलट विचारते!

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना फोन केला. सांगितलं, फुली मारणार नाही. त्या चिडल्या नाहीत. समजावत राहिल्या. नियम सगळ्यांना सारखा, मोठमोठ्या चित्रकारांनी पाळला. पंधराच प्रती असा शब्द आपण लोकांना देतो, मग तो पाळायला नको? मी म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास नाही? म्हणाल्या, तुझ्यावर आहे गं, पण दार उद्या दुसऱ्याच्या हातात गेलं तर?

मी म्हटलं, कोपऱ्यात बारीक फुली मारते. चालणार नाही म्हणाल्या, चित्रातून जायला हवी. मग दुसरा मार्ग सुचवला. दार गॅलरीला द्यायचं, त्या ते भिंतीवर लावतील, काचेमागे. बदल्यात आत्याच्या घराला नवं कोरं दार बसवून देतील, फायबरचं.

म्हणजे वाडीवरची बाई मुंबईच्या भिंतीवर आणि वाडीवर फायबर! मी नाही म्हटलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, असं असेल तर प्रती दाखवता येणार नाहीत, राणी. एकही नाही.

पीतांबर रंगवत बसले आहे. आज सगळे पीतांबर गडद आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं दोघांना.

मामा ताडकन उठला. दार माझं हाय, म्हणाला. हायवेच्या रुंदीकरणात खांबचं एक मोठं घर पाडलं, तेव्हा त्याने ते सागवानी दार मागून घेतलं, डोक्यावरून वाडीपर्यंत आणलं. त्याच्यावर फुली मारायला येणाऱ्याचा हात मोडीन म्हणाला. मला फार बरं वाटलं. मीही चढले. म्हटलं, मामा, शंभर वर्षं आपल्याला नाव न देता काढलं, आणि आता नाव दिलं तर त्याच्यावर फुली? मारू देणार नाही म्हणजे नाही. गेलं प्रदर्शन उडत!

आत्या तांदूळ पाखडत होती. मध्येच म्हणाली, फुलीच लागते का? मी म्हटलं, त्यावरून पुन्हा तसंच छापता येऊ नये, एवढंच त्यांना हवंय. "हं," म्हणाली आणि सूप झटकलं.

तिला कळलं नसावं हे किती मोठं आहे. किंवा तिचा विश्वास आहे माझ्यावर.

२ मार्च, रविवार

मॅडम आल्या, पुन्हा एकदा समजवायला. सोबत फोटो काढणारा माणूस, त्याचा मोठा कॅमेरा. अख्खी वाडी अंगणात जमली. दार जागेवर होतं, सताड उघडं, दारावरची आत्या भिंतीकडे बघत उभी असावी तसं.

मी दारासमोर उभी राहिले. म्हटलं, मॅडम, ही केळीची बाग नाही. ही माझी आत्या आहे, जिवंत आहे, इथे उभी आहे. तुमच्या भिंतींवर आजवर जितक्या बायका टांगल्या गेल्या, त्यांना कोणी विचारलं नाही. ही पहिली आहे जिच्यासाठी कोणीतरी नाही म्हणतंय. मी म्हणते! हिच्या तोंडावर मी फुली मारू देणार नाही.

आत्या मागून काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, तू थांब, आत्या, मी बघते.

मॅडमचा चेहरा उतरला. वाईट वाटलं मला, खोटं नाही लिहिणार. म्हणाल्या, तू म्हणतेस ते मला पटतं आणि मी काही करू शकत नाही, दोन्ही खरं आहे. प्रती त्यांच्या गाडीत होत्या, छापून झाल्यावर त्यांनी मागवून घेतलेल्या. मी म्हटलं, परत द्या. त्यांनी एकेक गुंडाळी काढून माझ्या हातात दिली, सांभाळून, बाळ द्यावं तशी. गाडीत बसताना म्हणाल्या, होळीपर्यंत प्रदर्शनाची यादी छापायला देत नाही, तुझी जागा ठेवते. मी म्हटलं, नका ठेवू.

वाडी खूश! हौसाकाकीने माझी दृष्ट काढली. मामा म्हणाला, आमदार व्हशील तू. आत्या चुलीपाशी गेली, भाकरी भाजल्या, मला वाढल्या. लवकरच आडवी झाली. थकली असेल, काल दिवसभर उन्हात होती.

प्रदर्शन गेलं. गेलं तर गेलं. सध्या माझ्याएवढं मोकळं कोणी नाही.

६ मार्च, गुरुवार. हमरापूर

मनस्वीचा फोन. मूर्ख आहेस म्हणाली. दोन रेघा मारायच्या होत्या, दोन! लोक आयुष्यभर अशा भिंतीसाठी झुरतात. मी म्हटलं, तुझ्या आत्याच्या तोंडावर मार मग. म्हणाली, माझी आत्या ठाण्याला असते, तिला कोण काढणार? फोन ठेवला.

मोकळं वगैरे काही वाटत नाही. मुंबईच्या त्या पांढऱ्या भिंतीवर आत्या उभी राहिली असती. येणाऱ्या प्रत्येकाला तिने थांबवलं असतं. हे मला हवं होतं, अजून हवं आहे. पण मागे फिरणार नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन.

९ मार्च, रविवार

शेठने सुट्टी दिली नाही, घरी जाता आलं नाही. मामाचा फोन आला. काहीतरी सांगायला लागला, मागून आत्या ओरडली, त्याने फोन ठेवला.

१३ मार्च, गुरुवार. होळी

दारावर आत्याच्या शेजारी मी आहे.

मी नसताना आत्याने माझ्याच पटाशीने खोदलंय, खोल आणि वेडंवाकडं. फतकल मारून बसलेली पोरगी, डोकं मोठं, हातात पटाशी. तिचा गुडघा आत्याच्या काष्ट्यात घुसलाय, कोपर झेंड्यात. जुनं चित्र ह्या दारावरून आता कोणालाच छापता येणार नाही. फुली कुठेच नाही. मॅडमना दुसरं काय हवं होतं!

मी ओरडले. माझं चित्र, माझं काम, हात लावायच्या आधी मला विचारायचं तरी!

आत्याने भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला खोदलंस तवा इचारलं व्हतंस?"